एका माणसाची खुर्ची

आमच्या बनूआत्यासमोर 'सोबत' हा शब्द कोणी उच्चारला की ती हातात असेल ते खाली आपटायची. तांब्या असेल तर तांब्या, परात असेल तर परात. मुरूडच्या आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांना पोचे आले होते ते या एका शब्दापायी. पाहुण्यांना वाटायचं, घरात पोरं फार दंगेखोर असणार. घरात लहान पोर एकही नव्हतं. होती ती पन्नाशीची, अंगाने किडकिडीत, कमरेला चाव्यांचा जुडगा लावलेली माझी आत्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्या साध्या शब्दाचा राग कसला? अहो, तो शब्द साधा नाही. मलाही आता तो ऐकला की डोक्यात तिडीक जाते. का ते सांगतो, मग ठरवा.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मुरूडहून मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीने. आणि बाईमाणसाने, पोराने किंवा दुखणाईताने बोटीत एकट्याने पाय ठेवायचा नाही, हा गावचा कायदा. कोणी जायचं निघालं की पहिला प्रश्न तिकिटाचा नसायचा. 'सोबत बघितली का?' हा असायचा. आणि सोबत बघायला कोणी लांब जायचंच नाही. सरळ आमचं फाटक उघडून आत यायचं आणि ओटीवर बसून म्हणायचं, "बनूताई आहेत ना घरात?"

का? तर लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती तेव्हा तिचा नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. झालं! गावाने परस्पर ठरवून टाकलं की या बाईला काही उद्योग नाही. सडी बाई, मागे ना मूल ना बाळ, दोन लुगडी पिशवीत टाकली की तयार. त्यात तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिला बोट लागत नाही.

आमच्याकडे बोट दोन प्रकारे लागते. एक धक्क्याला लागते आणि एक माणसाला. दुसरी लागायला फार वेळ लागत नाही. किनारा सुटला की बायका आडव्या व्हायला लागतात, पोरं आईच्या पदरात ओकतात, आणि गाभण म्हैस हाताने आवरणारा गडी "आई गं" म्हणून सतरंजीवर लोळतो. अशा वेळी ताठ बसून लिंबू कापणारी, घमेलं पुढे करणारी, पाण्याने तोंड पुसणारी एकच बाई. बनूआत्या. बाळंतपणाला निघालेल्या लेकीसुना, ऑपरेशनला निघालेले म्हातारे, मामाकडे शाळेला निघालेली शेंबडी पोरं, सगळी तिनेच नेली. कितीदा मुंबईला गेली असेल, देव जाणे. आणि मुंबईत काय पाहिलं? इस्पितळाचा व्हरांडा आणि लोकांच्या लेकींच्या चाळींचे जिने. राणीच्या बागेतला हत्ती मुरूडच्या शेंबड्या पोरांनी पाहिला. त्यांना तिथवर नेऊन सोडणारीने नाही पाहिला, कारण तिला लगेच उलट्या बोटीने परत यायचं असायचं. इथे दुसरं कोणीतरी सोबतीसाठी खोळंबलेलं असायचं ना!

"मी काय वळकटी आहे?" हे आत्याचं ठरलेलं वाक्य. "दिसली की बांधली कुणाच्याही सामानाला!" असं म्हणायची, भांडं आपटायची आणि पिशवी भरायला आत जायची. लोकांना ते आपटणं पाठ झालं होतं. ते ओटीवर बसून शांतपणे चहा पीत राहायचे.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, दर्या शांत झाला, बोटी सुरू झाल्या. मी मुंबईला एका कचेरीत कारकून होतो, रजा घेऊन घरी आलो होतो. दुपारी पानावर बसलेलो असताना आत्या वाढता वाढता म्हणाली, "मी मुंबईस जाणार आहे."

अप्पा, म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ वामन. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

"म्हणजे कोणाचं काय निघालंय?"

"कोणाचं काही निघालेलं नाही."

आता अप्पांनी मान वर केली. "मग कशाला?"

"बोटीत बसायला."

"बोटीत बसायला?" अप्पांचा घास हातात राहिला. "बोटीत बसायला कोणी बोटीत बसतं का?"

"मी बसते," आत्या म्हणाली आणि आमटीची पळी पातेल्यात अशी आपटली की भिंतीपर्यंत शिंतोडे गेले.

आईने मधे पडून बघितलं. "वन्सं, पण एकटं म्हणजे... बोटीत काही झालं तर? निदान कोणी सो..." एवढ्यावर तिने जीभ चावली. पण उशीर झाला होता. पितळेचा गडू गेला.

पुढचे दिवस घरात जे काही चाललं त्याला तयारी म्हणायचं की युद्ध, मला अजून ठरवता आलेलं नाही. आत्या मला एकट्याला गाठून प्रश्न विचारायची. मी बोटीने येणारा-जाणारा, म्हणून.

"सद्या, वरच्या डेकवर काय असतं?"

मी चक्रावलो. "आत्या, तू माझ्यापेक्षा जास्त वेळा गेलीस बोटीने!"

"मी खालच्या डेकवर गेल्येय," ती खेकसली. "मोरीजवळ. एंजिनाच्या धगीत. ओकणारं माणूस वर नेतात का? मला वरचं सांग."

"वर वारा असतो."

"आणि?"

"कठडा असतो."

"कठड्यापलीकडे?"

"समुद्र."

"हां," ती म्हणाली. "तो बोटीतून दिसतो म्हणतात."

जन्मभर समुद्राकाठी राहिलेली बाई मला हे विचारत होती. मला हसू यायला हवं होतं. मला संताप आला, आणि नेमका कोणाचा ते कळेना.

मग तिने सुताराला बोलावलं. म्हणाली, मला घडीची खुर्ची करून दे, कापड लावलेली, बोटीत न्यायची आहे. सुतार बिचारा भला माणूस. त्याने विचारलं, "ताई, त्यापरास बाकडंच करूया का? दोघं-तिघं टेकतील."

त्याने पायात चपला घातल्या नव्हत्या म्हणून बरं, पळायला सोपं गेलं.

"सतरंजी पसरली की कोणीतरी येऊन टेकतंच," आत्या मला म्हणाली. रागाने तिचा आवाज चिरका झाला होता. "आधी टोकावर टेकतं, मग मांडी घालतं, मग पोर माझ्या मांडीवर देतं, मग पोर ओकतं. खुर्चीत दुसऱ्याला टेकता येत नाही. मला एका माणसाची खुर्ची हवी." हा हिशेब बिनतोड होता. सुताराने मागल्या दाराने येऊन खुर्ची करून दिली. सागवानाची, निळ्या पट्ट्यांच्या कापडाची. आत्या ती परसात मांडून, डोळे मिटून बसायची आणि कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

गावाला बातमी लागली. गावाचं डोकं कसं चालतं बघा. बनूताई एकट्या चालल्यात म्हणजे त्यांचे हात रिकामे आहेत! लागली रीघ. "जाताच आहात तर आमच्या शकूला माहेरी सोडा, सातवा लागलाय." "जाताच आहात तर एवढे सुके सोडे भावाला द्या." "जाताच आहात तर आमच्या बाबांचे डोळे दाखवायचे राहिलेत." जाताच आहात तर! एकाही माणसाच्या तोंडून 'कशाला जाताय' असं निघालं नाही, आणि 'मजेत जा' असंही निघालं नाही. आत्याने शकूला नाही म्हटलं, बाबांना नाही म्हटलं, सोड्यांची पुडी तर देणाऱ्याच्या हातात उलटी कोंबली. लोक फाटकाबाहेर जाऊन म्हणाले, "बनूताईंचं डोकं फिरलंय." ती जन्मभर त्यांच्या ओकाऱ्या काढत होती तेव्हा मात्र यांच्या मते तिचं डोकं जाग्यावर होतं.

जायच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला वाडीत, विहिरीपाशी नेलं. इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुझी रजा संपतच आलीय. तू उद्याच्याच बोटीने जा."

"अप्पा, तिला सोबत नको म्हणून तर ती चाललीय!"

"म्हणूनच तिला कळू द्यायचं नाही."

मी खूप तणतणलो. म्हटलं, एकदा, आयुष्यात एकदा, तिला तिच्या मनासारखं करू द्या, तुमच्या अंगावर काय कुर्‍हाड पडते? अप्पा ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बोटीत काही झालं तर लोक मला विचारतील, भावाने सोबत कशी दिली नाही." म्हणजे काळजी बहिणीची नव्हतीच, लोकांची होती! मी रागारागाने हो म्हटलं. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर त्याने तिला फुकट छळलं असतं, असंही मनात आलं.

सकाळी बोटीचा भोंगा झाला. आमच्याकडे बोट किनाऱ्याला येत नाही, खोल पाण्यात उभी राहते. तिथवर कोळ्यांच्या पडावातून जायचं आणि बोटीच्या दारातून वर चढायचं. आत्या सगळ्यांच्या आधी पडावात पोचली होती. पडावाच्या तळाला पाणी साचलेलं, म्हणून तिने मधोमध खुर्ची मांडली आणि तीवर ठेवणीतलं लुगडं सावरून बसली. मी शेवटी चढलो आणि मागच्या टोकाला, उघड्या छत्रीआड तोंड लपवून बसलो. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. शेजारचे लोक माझ्याकडे बघत होते.

आणि इथे घात झाला. आमच्या किनाऱ्यावर बोटीत खुर्ची जायची ती एकाच कामाला. चालता न येणाऱ्या आजाऱ्याला खुर्चीत बसवायचं आणि खुर्चीसकट वर चढवायचं. असे कित्येक आजारी आत्यानेच चढवून घेतले होते. पण आपण खुर्चीत बसलो की आपणही तशाच दिसणार, हे तिच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

पडावाच्या तांडेलाने तिला बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. "अरं देवा! ही तर आपली बनूबाय! येवढ्या लोकांना न्हेलंन, आता तिचीच पाळी आली."

"मला काही झालेलं नाही!" आत्या ओरडली.

"व्हय बाय, व्हय," तांडेल मायेने म्हणाला, आणि आपल्या माणसांना हळूच, "जास्तच झालंय. बरळते हाय."

"अरे मेल्यांनो, मी धडधाकट आहे!"

"वात झालाय," पडावातली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. आत्या जेवढी ओरडत होती तेवढी लोकांची खात्री पटत होती. बोटीच्या दाराशी पडाव लागला. "हलू, हलू! आजारी बाय हाय!" असा गलका झाला, चार कोळ्यांनी चार पाय धरले आणि आत्या खुर्चीसकट वर उचलली गेली. खाली लाटा, वर बोटीचं दार, आणि मधे आत्या, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बाप काढते आहे सगळ्यांचा.

दारात बोटीवरचा कारकून उभा होता. टोपी तिरपी, तोंडात पान. त्याने खाली वाकून विचारलं, "पेशंटबरोबर सोबत कोण आहे?"

पडावातले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"सोबतीशिवाय पेशंट घेत नाही. खाली घ्या. परत न्या हिला."

"मी पेशंट नाही रे!"

"परत न्या म्हटलं ना!"

खुर्ची खाली यायला लागली. मी आत्याचं तोंड बघितलं. ती ओरडायची थांबली होती. इतक्या वर्षांत तिला मी कधी घाबरलेली बघितली नव्हती, ती त्या क्षणी बघितली. मी छत्री मिटली आणि उभा राहिलो.

"मी आहे," मी म्हणालो. "मी तिच्या सोबत आहे."

आत्याने मान वळवली. खुर्ची पुन्हा वर जायला लागली होती, त्यामुळे ती माझ्याकडे बघत बघत वर वर जात होती. तिच्या हातात आपटायला काही नव्हतं हे माझं नशीब.

वर पोचल्यावर तिने आधी कारकुनाला झापलं, मग कोळ्यांना, मग माझ्याकडे आली. बोटभर अंतरावर उभी राहिली. "वामन्याने पाठवलं तुला." प्रश्न नव्हताच तो. "लाज नाही वाटली? एक दिवस मागितला होता रे मी तुमच्याकडे. आख्खा जन्म घेतलात, एक दिवस मागितला!" खालच्या डेकवरचे सगळे लोक ऐकत होते. "तू खाली बसायचंस. इथे, मोरीजवळ. मी बसायची तिथेच. वर पाऊल टाकलंस तर याद राख." तिने खुर्ची मिटली, काखेत मारली आणि लोखंडी जिना चढून वर गेली. कारकून मला म्हणाला, "तुमचा पेशंट भारीच आहे हो."

मी खाली बसलो. धगीत, वासात. माझ्या एका बाजूला एक बाई आडवी, दुसऱ्या बाजूला तिचं पोर रडतंय. थोड्या वेळाने त्या बाईने डोळे न उघडता माझ्यापुढे पोर धरलं. मी ते घेतलं. काय करणार? मग ते ओकलं. एवढ्याशा वेळात मी इतका वैतागलो होतो, आणि ही बाई इथे अर्धं आयुष्य बसली होती. बोट सुटून बराच वेळ झाल्यावर पोर झोपलं. मी ते त्याच्या आईजवळ ठेवलं आणि अर्ध्या जिन्यापर्यंत जाऊन मान वर काढली.

आत्या अगदी कठड्याला लागून खुर्चीत बसली होती. वाऱ्याने पदर डोक्यावरून खाली आला होता, तो तिने तसाच सोडला होता. हात मांडीवर. त्या हातांचं काय करावं तेवढं तिला समजत नव्हतं. एकदा बोटं गुंफायची, एकदा सोडवायची. एक बाई तिच्याकडे आली, कडेवर मूल. "जरा धरता का हो याला? मी आलेच." आत्याने तिच्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, "नाही." आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ती बाई चरफडत गेली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

खांदेरी बेटावरचं दीपगृह मागे पडलं तशी बोट जोरात हलायला लागली. लाटा आडव्या येत होत्या. आत्या खुर्चीतून उठली, कठड्यावर वाकली, आणि ओकली.

माझा विश्वास बसेना. मी धावलो.

"लांब हो!" ती कठड्यावरूनच ओरडली.

"आत्या, अगं, तुला बोट लागली!"

"लागू दे. माझी मला लागलीय. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"पण तुला तर बोट लागत नाही!"

तिने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यातूनही राग नुसता पेटलेला. "कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात..."

"मला विचारलं होतं कोणी? दर वेळी लागायची. किनारा सुटला की लागायची, ती मुंबईपर्यंत. घमेलं एक, त्यात दुसऱ्याचं तोंड. सोबतीला आलेली बाईच आडवी झाली तर सोबत कसली? गिळायची मी. समजलं? लिंबू त्यांना द्यायची आणि मी गिळायची. इतकी वर्षं." तिला धाप लागली. "म्हणून आल्येय एकटी. एकदा मनासारखं ओकायचं होतं मला. कोणाचं काही बघायला न लागता. तेवढंही करू द्यायचं नाही तुम्हाला!"

अप्पांचा, गावाचा, त्या शकूच्या सासूचा, ओटीवर बसून चहा पिणाऱ्या एकेकाचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्यांतलं कोणी तिथे नव्हतं.

तिला दुसरी उबळ आली. ती पुन्हा कठड्यावर वाकली. मी पुढे झालो आणि एका हाताने तिचं कपाळ धरलं, लहानपणी ती माझं धरायची तसं. कपाळ बर्फासारखं गार होतं, घामाने भिजलेलं, आणि माझ्या तळव्यात मावेल एवढं लहान.

"हात काढ," ती म्हणाली.

मी काढला आणि एक पाऊल मागे सरलो. सोबत नको म्हटली होती ना तिने, मग नको. ती दोन्ही हातांनी कठडा धरून वाकलेली होती. पाठ थरथरत होती. बोट वर गेली, खाली आली. पुढची उबळ आली तेव्हा तिचं डोकं लोखंडावर आपटता आपटता राहिलं.

"काढलास कशाला, मेल्या?" ती माझ्यावर खेकसली.

मी हात परत ठेवला. तिने डोळे मिटले आणि डोक्याचा सगळा भार माझ्या हातावर टाकला. मुंबई दिसायला लागली तरी तिने तो काढून घेतला नाही.